एंडोस्कोपी रूमची इमर्जन्सी ट्रॉली: काय कामाचं, काय नुसतं जागा अडवणारं

एंडोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक नळी (स्कोप) आत घालून जठर-आतडं बघणं, जिथे होतं त्या रूमच्या कोपऱ्यातली इमर्जन्सी ट्रॉली बहुतेक दिवस कुणी उघडत नाही. निदानापुरत्या गॅस्ट्रोस्कोपीत (तोंडातून स्कोप घालून जठर बघताना) परफोरेशन, म्हणजे भिंतीला आरपार भोक, होण्याचं प्रमाण २,५०० ते ११,००० तपासण्यांमागे एक असं सांगितलं जातं. स्क्रीनिंग कोलोनोस्कोपीत, म्हणजे त्रास नसताना केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीत, ते हजारात एकाच्या वर जाऊ लागलं तर केंद्रानं आपलं काम तपासून बघावं, असा मानदंड आहे. म्हणजे लहान केंद्रात वर्ष-दोन वर्षं ट्रॉलीचं सील तसंच राहतं आणि आतल्या क्लिपची, म्हणजे भोक मिटवणाऱ्या धातूच्या चापांची, मुदत संपून जाते. मग ज्या दिवशी सील तुटतं, त्या दिवशी पेशंट गुंगीत असतो, पोट फुगत असतं आणि जो तो ‘ती क्लिप कुठंय’ म्हणून खण उघडत सुटतो.

म्हणून या सामानाला कॅटलॉगमधले निकष लावण्यात अर्थ नाही. इथे प्रत्येक वस्तूला तीनच प्रश्न विचारले आहेत. स्कोप आत असतानाच ती वापरता येते का, की आधी स्कोप बाहेर काढावा लागतो? समोरच्या टेक्निशियनला किंवा सिस्टरला ती पाकीट वाचत न बसता उघडून देता येते का? आणि वापरताना चूक झाली तर आधीपेक्षा वाईट होतं का? या तीन प्रश्नांवर काही महागड्या वस्तू मागे पडतात आणि काही अगदी साध्या वस्तू पुढे येतात.

साधी क्लिप

चॅनेलमधून, म्हणजे स्कोपमधल्या अवजारांच्या पोकळीतून, जाणारी ही क्लिप ट्रॉलीतली सगळ्यात उपयोगी वस्तू. २.८ मिमीच्या चॅनेलमधून ती जाते, म्हणजे नेहमीचा स्कोप आहे तिथेच ठेवून काम होतं. १ सेंमीपेक्षा लहान, ताजं, स्वच्छ कडांचं भोक असेल तर हिच्यावर भागतं. पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीवर वाढलेली गाठ, काढल्यावर लगेच दिसलेलं भोक बहुधा याच प्रकारचं असतं.

पण ते दिसायला हवं. पॉलिप स्नेअरनं, म्हणजे तारेच्या फासानं, कापून निघाला की तो फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकण्याआधी उलटा करून बघायची सवय लावावी. पॉलिप उचलण्यासाठी सोडलेल्या द्रावात निळा रंग मिसळलेला असेल तर त्याची खालची बाजू एकसारखी निळी दिसते. त्या निळ्यात पांढुरकं, कडा रेखल्यासारखं गोल दिसलं तर तो स्नायूचा थर आहे. स्नेअर जायला नको तितका खोल गेला. याला ‘टार्गेट साइन’ म्हणतात. तसंच वर्तुळ आतड्यातल्या जखमेच्या तळाशीही दिसतं. भोक अजून पडलेलं नसलं तरी इथे क्लिप लावायची, वाट बघायची नाही. पोटात दुखायला लागल्यावर सहा तासांनी सीटी स्कॅनवर कळणं आणि टेबलावर पाच सेकंदांत कळणं, यांत ऑपरेशन होणं आणि टळणं इतका फरक पडू शकतो. विशेष म्हणजे या तपासणीला काहीही खर्च येत नाही.

क्लिप लावताना घोटाळा होतो तो बहुधा क्रमात. भोक दिसलं की पहिली क्लिप मधोमध मारायचा मोह होतो. तसं केलं की दोन्ही बाजूंना फटी राहतात आणि मधली क्लिप पुढच्या क्लिपच्या वाटेत येते. एका टोकापासून सुरू करून चेन ओढल्यासारखं दुसऱ्या टोकाकडे जावं. क्लिप मिटण्याआधी थोडी हवा ओढून घ्यावी, म्हणजे ताणलेली भिंत सैल पडते आणि दोन्ही कडा जबड्यात येतात. हवा न ओढता मिटलेली क्लिप कित्येकदा फक्त वरची श्लेष्मल त्वचा पकडते. वरून बंद दिसतं, खाली भोक तसंच.

दुसरी अडचण यंत्राची. स्कोप पूर्ण वळवून मागे बघत असताना क्लिपची वायर वळणात अडकते. हँडल फिरवलं तरी टोक फिरत नाही, किंवा जबडा अर्धाच उघडतो. अशा वेळी आधी स्कोप थोडा सरळ करून क्लिप बाहेर काढावी आणि मग पुन्हा वळवावं. ईआरसीपीच्या बाजूला बघणाऱ्या स्कोपमधून, म्हणजे ड्युओडेनोस्कोपमधून, तर एलिव्हेटर (टोकाशी अवजार उचलून धरणारी पट्टी) उचलला की क्लिपच्या आवरणाला मुरड पडते. ईआरसीपीत (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांवरच्या प्रोसीजरमध्ये) ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, बाजूच्या भिंतीला भोक पडलं तर तोच स्कोप घेऊन झगडत बसण्यापेक्षा समोर बघणारा स्कोप पुढे टोपी लावून घातलेला बरा.

उघडून पुन्हा मिटता येणाऱ्या क्लिप घ्याव्यात. जागा चुकली तर सोडण्याआधी दुसरी संधी मिळते. हँडलवरचं ‘मिटलं’ आणि ‘सुटलं’ हे दोन टप्पे मॉडेलप्रमाणे वेगळे लागतात. एका खोलीत तीन कंपन्यांच्या क्लिप ठेवणं हा खरेदी विभागाचा आवडता उद्योग आहे आणि तो बंद पाडावा. ज्याच्या हातात हँडल आहे त्याच्या बोटांना एकच सवय हवी. पाकिटावरची एमआरआयची सूचना पेशंटच्या कागदात चिकटवायची, हेही त्याच वेळी उरकून घ्यावं.

जुन्या, फायब्रोसिस झालेल्या, म्हणजे वण धरून कडक झालेल्या, अल्सरच्या कडांवर मात्र ही क्लिप टिकत नाही. कड कडक असते, जबडा घसरतो किंवा ऊतक चिरत जातो. त्यासाठी पुढची वस्तू.

ओटीएससी, म्हणजे स्कोपच्या टोकावर बसणारी क्लिप

सुसरीच्या जबड्यासारखी दातेरी, निटिनॉल या लवचिक मिश्रधातूची क्लिप, पारदर्शक टोपीवर ताणून बसवलेली. टोपी स्कोपच्या टोकावर चढवायची, दोरा चॅनेलमधून मागे ओढून हँडलच्या चाकाला लावायचा. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबर बँड लावणाऱ्यांना ही रचना ओळखीची वाटेल. जखम टोपीत ओढून घेतली आणि चाक फिरवलं की क्लिप टोपीवरून सुटते आणि भिंतीचे सगळे थर एकत्र दाबून धरते. साधारण २ सेंमीपर्यंतचं भोक ती बंद करू शकते. पकड साध्या क्लिपपेक्षा कितीतरी जबर असते आणि कडक अल्सरमधून वाहणाऱ्या रक्तालाही तीच उपयोगी पडते.

मग पूर्ण गुण का नाहीत? कारण पहिल्याच प्रश्नावर ती नापास होते. ही क्लिप लावायची तर स्कोप बाहेर काढावा लागतो. सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी आतल्या टोकाला, भोक पडलंय, सगळं मोठं आतडं पार करून तिथवर पोचायला वीस मिनिटं लागली होती, आणि आता बाहेर येऊन टोपी चढवून परत तितकंच आत जायचं. तेही आतड्यात भोक असताना, प्रत्येक फुंकरीबरोबर गॅस पोटात जात असताना. टोपीमुळे टोकाचा घेर वाढलेला असतो, त्यामुळे डायव्हर्टिक्युला (भिंतीतले फुगवटे) असलेल्या अरुंद सिग्मॉइडमध्ये, म्हणजे गुदाशयाच्या आधीच्या वळणदार आतड्यात, किंवा घशाच्या वळणावर ती अडते. जोर लावला तर नवी जखम होते. उजव्या बाजूच्या आतड्यासाठी शहाणपणाचा मार्ग असा: शक्य असेल तर साध्या क्लिपनी निदान तात्पुरतं भोक मिटवून मगच स्कोप काढायचा. जठर, ड्युओडेनम आणि गुदाशय इथे मात्र परत जायला वेळ लागत नाही. तिथे ओटीएससीचं खरं सोनं होतं.

मापाचा गोंधळ हा दुसरा दोष. ११, १२ आणि १४ अशी मापं येतात आणि ती स्कोपच्या जाडीला जुळावी लागतात. गॅस्ट्रोस्कोपची टोपी कोलोनोस्कोपवर चढत नाही. कोलोनोस्कोपची टोपी गॅस्ट्रोस्कोपवर सैल बसते आणि आत निखळते. दातांचेही प्रकार आहेत, बोथट आणि टोकदार. सरसकट एकच प्रकार ठेवायचा तर पातळ भिंतीसाठी बोथट आणि कडक अल्सरसाठी टोकदार, हा भेद हरवतो. ट्रॉलीत कोणत्या स्कोपला कोणतं माप हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं कार्ड नसेल तर ही वस्तू असून नसल्यासारखी.

तिसरा दोष गंभीर. आतड्याच्या आरपार भोकावर टोपी ठेवून आंधळेपणानं सक्शन केलं तर भोकापलीकडचं काहीही टोपीत येऊ शकतं: चरबीचा पडदा, लहान आतड्याचा वेढा. चाक फिरवलं की तेही जबड्यात अडकतं. म्हणून मोठ्या आतड्यात सक्शनवर विसंबू नये. दोन्ही कडा स्वतंत्र पकडणाऱ्या दुहेरी ग्रास्परनं एकेक कड टोपीत ओढावी, हळू, बघत. आणि चुकीच्या जागी बसलेली ओटीएससी चिमट्यानं ओढून निघत नाही. तिला विद्युतप्रवाहानं कापणारं वेगळं साधन लागतं, जे फार थोड्या ठिकाणी असतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे ‘हो, वाईट होतं’ असं आहे.

तरीही ठेवावी का? ठेवावी. पण ज्या केंद्रात ती बसवण्याचा सराव कुणीच केलेला नाही, त्यांनी ती विकत घेऊन निर्धास्त होऊ नये.

कार्बन डायऑक्साइडचं यंत्र

हे खरं तर ट्रॉलीतलं सामान नाही, भिंतीशी उभं असतं. पण कोणतीही क्लिप हातात घ्यायच्या आधी यानं अर्धं काम केलेलं असतं. साध्या हवेतला नायट्रोजन आतड्यातून शोषला जायला वेळ लागतो. कार्बन डायऑक्साइड त्याच्या शंभराहून अधिक पटींनी वेगानं शोषला जातो आणि श्वासातून बाहेर पडतो. भोकातून पोटात गेलेला गॅस हाच असेल तर पोट तडतडीत फुगून श्वास आणि रक्तदाब घसरण्याची वेळ सहसा येत नाही. ईआरसीपीत क्वचित गॅस शिरांमध्ये शिरून हृदयात किंवा मेंदूत पोचतो, त्या प्रसंगीही साध्या हवेपेक्षा हा गॅस कमी घातक. धोका शून्य होत नाही, हे विक्रेते सांगायला विसरतात.

नेहमीची चूक अगदी क्षुल्लक असते. यंत्र जोडलं, सिलिंडर उघडला, आणि लाइट सोर्सवरचा हवेचा पंप बंद करायचा राहिला. मग आत दोन्ही जातात आणि ‘आम्ही कार्बन डायऑक्साइड वापरतो’ हे फक्त रजिस्टरपुरतं खरं राहतं. दुसरी चूक रिकाम्या सिलिंडरची. लांबलेल्या प्रोसीजरमध्ये गॅस संपतो, आतडं फुगेनासं होतं, आणि कुणीतरी न सांगता हवेचा पंप सुरू करतं. सुरुवातीलाच सिलिंडरचा दाब बघून घ्यावा आणि बदली सिलिंडर त्याच खोलीत असावा. फुप्फुसाच्या जुन्या आजारात रक्तात आधीच कार्बन डायऑक्साइड साठत असलेल्या पेशंटमध्ये मात्र लांबलचक प्रोसीजरला हात आखडता घ्यावा.

आर्गॉन प्लाझ्मा, म्हणजे आर्गॉन वायूतून करंट सोडून ऊतक भाजण्याची पद्धत, वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: आर्गॉनही फुगवतो आणि तो पटकन शोषला जात नाही. मधूनमधून सक्शन केलंच पाहिजे, आणि प्रोब भिंतीला टेकवू नये, नाहीतर गॅस भिंतीच्या थरांतच शिरतो. त्याहून दुर्मिळ आणि त्याहून भयंकर म्हणजे आतड्यातला स्फोट. नीट साफ न झालेल्या आतड्यात जिवाणू हायड्रोजन आणि मिथेन तयार करतात. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांच्या आणि मिथेन ५ टक्क्यांच्या वर गेला की ठिणगीची गरज तेवढी उरते. मॅनिटॉलनं आतडं साफ केलेल्या पेशंटचा पॉलिप काढताना झालेल्या स्फोटात मृत्यू झाल्याची नोंद १९७९ सालची आहे. तेव्हापासून करंट वापरायचा असेल तिथे मॅनिटॉल बाद झालं आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल आलं. पण नुसता एनिमा देऊन गुदाशयात आर्गॉन चालवायची सवय अजून गेलेली नाही. वरच्या भागात विष्ठा तशीच असते, गॅसही तिथेच असतो.

चौदा किंवा सोळा गेजचा कॅन्युला

सुईवर बसवलेली प्लास्टिकची जाड नळी. ट्रॉलीतली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि तीन प्रश्नांत पैकीच्या पैकी. भोकातून गेलेल्या गॅसनं पोट दगडासारखं टणक झालं, रक्तदाब पडला, हातानं श्वास देण्याची अंबू पिशवी दाबायला जड जाऊ लागली, तर सीटी स्कॅनला नेण्यात वेळ घालवायचा नसतो. थोडं सलाइन भरलेली सिरिंज कॅन्युलाला लावून, त्वचा स्वच्छ करून, जुन्या ऑपरेशनच्या वणापासून लांब, पोटाच्या भिंतीतून आत घालायचा. सिरिंजमध्ये बुडबुडे आले की सुई काढून नळी तशीच ठेवायची. फुस्स आवाज येतो, पोट मऊ पडतं, आणि मग भोक बंद करायला सवड मिळते. हे साधं काम माहीत नसल्यामुळे भोक बंद करता आलं असतं असे पेशंट घाईघाईनं ऑपरेशन टेबलावर जातात.

रक्तासाठीचा खण

या खणात तीन गोष्टी: अ‍ॅड्रेनालिन, लूप आणि पावडर.

अ‍ॅड्रेनालिनची १ मिलीग्रॅमची १ मिलीची कुपी ९ मिली सलाइनमध्ये मिसळली की १:१०,०००चं द्रावण होतं. वाहत्या जागेभोवती थोडं थोडं टोचलं की रक्त मंदावतं आणि क्लिपला जागा दिसते. एवढंच त्याचं काम. नुसतं टोचून स्कोप काढला तर औषधाचा असर ओसरल्यावर तेच रक्त पुन्हा सुरू होतं. मिसळलेल्या सिरिंजवर लेबल नसेल तर ती टाकून द्यावी. न मिसळलेली कुपी आणि मिसळलेलं द्रावण दिसायला सारखंच पाणी असतं.

लूप म्हणजे देठाला आवळायची नायलॉनची फास. २ सेंमीपेक्षा मोठं डोकं किंवा १ सेंमीपेक्षा जाड देठ असलेल्या पॉलिपला कापण्याआधी लावावी. डोकं जांभळट काळपट पडेपर्यंत आवळायचं, तिथे थांबायचं. आणखी आवळलं तर बारीक देठ लूपच कापून टाकते. लूप बुडाशी हवी आणि वर स्नेअरला मोकळी जागा हवी. अगदी लूपला लागून कापलं तर उरलेल्या थिट्या देठावरून ती घरंगळते आणि मग शीर उघडी. देठ नसलेल्या चपट्या पॉलिपवर तिचा उपयोग नाही.

पावडर, म्हणजे बेंटोनाइट या खनिजाची फवारणी. अमेरिकेत हिला २०१८ साली परवानगी मिळाली आणि तेव्हापासून तिच्याबद्दल फार बोललं जातं. ट्यूमरमधून पाझरणारं रक्त, जिथे क्लिप लावायला जागाच नाही, तिथे ती खरोखर वेळ मारून नेते. पण ती फक्त वाहत्या रक्तावर चिकटते, आणि एक-दोन दिवसांत गळून पडते. एकदा फवारली की समोर चिखल. त्यानंतर क्लिप लावायची ठरवली तरी काही दिसत नाही. म्हणून ती शेवटची. कॅथेटरच्या टोकाला ओल लागली की पावडर तिथेच गोठते. आत घालण्याआधी मोठ्या सिरिंजनं हवा मारून चॅनेल कोरडं करावं, सक्शनवरून बोट काढावं, टोक रक्तात न बुडवता सेंमी-दोन सेंमी लांबून फवारावं. कॅथेटर एकामागून एक चोंदले की डबा संपतो.

औषधांचा खण, ज्याकडे कुणी बघत नाही

भोक आणि रक्त यांचीच चर्चा होते, पण एंडोस्कोपीतल्या गंभीर घटनांमध्ये मोठा वाटा असतो तो गुंगीच्या औषधांमुळे श्वास आणि हृदयावर होणाऱ्या परिणामांचा. इथे पहिला नंबर बॅग-मास्कचा. गुंगीच्या प्रोपोफॉलला उतारा देणारं औषधच नाही. श्वास थांबला तर हनुवटी उचलायची आणि पिशवी दाबायची. मास्कची दोन-तीन मापं, हवा भरलेली कड, आणि ऑक्सिजनची नळी जोडून तयार. एवढं रोज सकाळी बघायला एक मिनिट लागतं.

मिडाझोलाम या गुंगीच्या औषधावरचा उतारा फ्लुमाझेनिल: ०.२ मिलीग्रॅम शिरेतून, मग मिनिटा-मिनिटानं तेवढंच, एकूण १ मिलीग्रॅमपर्यंत. याचा सापळा असा की ते मिडाझोलामच्या आधी उतरतं. पेशंट डोळे उघडतो, बोलतो, सगळे सैल होतात, आणि तासाभरानं रिकव्हरीच्या खाटेवर तो पुन्हा गुंगीत जातो, जेव्हा शेजारी कुणी नसतं. फ्लुमाझेनिल दिलेल्या पेशंटला निदान दोन तास नजरेआड करू नये. रोज झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला हे दिलं तर झटके येऊ शकतात. फेंटानिल या वेदनाशामकावरचा उतारा नॅलोक्सोन, ०.४ मिलीग्रॅमची कुपी १० मिलीपर्यंत पातळ करून थोडी थोडी.

कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, आहे का, हाही प्रश्न इथलाच. नाकातून ऑक्सिजन चालू असताना श्वास थांबला तरी ऑक्सिजन मोजणारं बोटावरचं यंत्र बराच वेळ ९८ दाखवत राहतं. कॅप्नोग्राफची लाट तत्काळ सपाट होते. ईआरसीपीत ती अचानक कोसळली आणि बरोबर रक्तदाबही पडला तर शिरेत गॅस गेल्याचा संशय घ्यायचा: गॅस बंद, स्कोप बाहेर, शंभर टक्के ऑक्सिजन, डाव्या कुशीवर, डोकं खाली.

आणि मेथिलीन ब्लू. घसा बधिर करायला बेंझोकेनचा स्प्रे मारल्यावर क्वचित रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. पेशंट निळसर पडतो, बोटावरचं यंत्र ८५च्या आसपास अडकतं, आणि ऑक्सिजन कितीही वाढवला तरी आकडा हलत नाही. काढलेलं रक्त चॉकलेटी दिसतं. उपाय १ ते २ मिलीग्रॅम दर किलोला, शिरेतून पाच मिनिटांत हळू. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर देऊ नये. दिल्यावर यंत्रावरचा आकडा आधी आणखी खाली येतो, तो रंगाचा खेळ असतो, घाबरायचं नाही. एक सूचना ठळक अक्षरांत: आतड्याला रंग द्यायला ठेवलेली मेथिलीन ब्लूची बाटली आणि शिरेतून द्यायची कुपी या वेगळ्या वस्तू आहेत. त्या एकाच खणात नकोत.

ईआरसीपीची सपोझिटरी

१०० मिलीग्रॅम इंडोमेथासिन हे सूज कमी करणारं औषध, गुदद्वारातून. या सगळ्या पसाऱ्यात परिणामाच्या मानानं इतकी साधी दुसरी वस्तू नाही. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका जास्त असलेल्या पेशंटमध्ये ते प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आल्याचं २०१२ सालच्या चाचणीत दिसलं. युरोपीय मार्गदर्शक सूचना तर ती, किंवा तेवढंच डायक्लोफेनॅक, अडचण नसलेल्या सगळ्यांनाच प्रोसीजरच्या लगेच आधी द्यायला सांगतात. अडचण म्हणजे या गटातल्या औषधांची अ‍ॅलर्जी, निकामी होत आलेली किडनी, गरोदरपणाचे शेवटचे महिने. तरीही ती राहून जाते, कारण पेशंट पालथा झाल्यावर कुणाला आठवत नाही. ती चेकलिस्टमध्ये, पेशंट टेबलावर घेण्याआधीच्या ओळीत हवी.

वायर वारंवार स्वादुपिंडाच्या नळीत जात असेल तर तिथे ठेवायचा ५ फ्रेंचचा छोटा स्टेंटही (बारीक नळी) तयार ठेवावा. तो आपोआप पडून जायला हवा. पाच ते दहा दिवसांत एक्स-रे काढून पडला का ते बघायचं, नसेल तर काढायचा. विसरलेला स्टेंट नळीलाच इजा करतो.

इथेच ड्युओडेनोस्कोपच्या टोकाची एकदाच वापरायची टोपी. एलिव्हेटरच्या सांध्यात ब्रश पोचत नाही, तिथे राहिलेल्या जिवाणूंमुळे एका पेशंटचा संसर्ग दुसऱ्याला गेल्याचे प्रकार उघड झाल्यावर अमेरिकेच्या औषध आणि उपकरण नियामक संस्थेनं, एफडीएनं, २०१५ साली इशारा दिला आणि २०१९ साली टोक बदलता येणाऱ्या स्कोपकडे वळायला सांगितलं. टोपी चांगली आहे, पण नीट बसली का हे बोटानं ओढून बघितल्याशिवाय आत जाऊ नये.

ट्रॉलीत नसलेली वस्तू

काही गुंतागुंती टेबलावर दिसतच नाहीत. कोलोनोस्कोपीत डाव्या वळणावर ओढाताण झाली की प्लीहेला जोडणारा पडदा ताणला जातो आणि प्लीहा फाटू शकते. पोटात डावीकडे दुखतं, डाव्या खांद्यात दुखतं, हिमोग्लोबिन उतरतं. एक्स-रेवर श्वासपटलाखाली हवा नसते, म्हणून ‘परफोरेशन नाही’ असं सांगून पेशंटला परत पाठवलं जातं. इथे साधा एक्स-रे नाही, कॉन्ट्रास्टचा सीटी लागतो. ड्युओडेनमच्या मागच्या बाजूला पडलेलं भोकही साध्या एक्स-रेवर सुटून जातं.

पॉलिप करंटनं काढल्यावर भिंत आरपार भाजली, पण भोक पडलं नाही, तर बारा तासांपासून पाच दिवसांपर्यंत कधीही ताप आणि एका जागी दुखणं सुरू होतं. सीटीत बाहेर हवा नसेल तर आतड्याला विश्रांती आणि अँटिबायोटिकवर भागतं. १ सेंमीच्या आतले पॉलिप करंटशिवाय, कोल्ड स्नेअरनं काढले तर हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. तेव्हा ट्रॉलीवर खर्च करण्याआधी स्नेअरचा खण बघावा. पॉलिपच्या जागेतून रक्त मात्र दोन आठवड्यांनीही येऊ शकतं.

या सगळ्यावर एकच वस्तू कामाची: घरी जाताना हातात दिलेला कागद. त्यावर ‘त्रास झाल्यास संपर्क साधावा’ असलं मोघम वाक्य नको. खांद्यात दुखणं, पोट कडक होणं, ताप, चक्कर, काळी किंवा लाल शौचास होणं, मानेला हात लावल्यावर त्वचेखाली कुरकुर वाजणं. ही लक्षणं नावानिशी. काय काढलं, कुठून, करंट वापरला का, किती क्लिप लावल्या, कोणतं रक्त पातळ करणारं औषध कधी पुन्हा सुरू करायचं. आणि रात्रीही उचलला जाणारा नंबर. रात्री दुसरीकडे दाखवायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरला हा कागदच पहिला सुगावा देतो.

मुदत संपलेल्या क्लिप आणि ओटीएससीचे संच कचऱ्यात टाकू नयेत. ‘सरावासाठी, पेशंटला वापरू नये’ असं लाल शाईनं लिहून वेगळ्या पेटीत ठेवावेत, आणि महिन्यातून एकदा यादी कमी असलेल्या दुपारी जुन्या स्पंजच्या तुकड्यावर लावून बघावेत. ओटीएससीचा दोरा चाकाला कसा गुंडाळायचा हे एकदा हातानं केलं की पाकिटावरचं चित्र बघावं लागत नाही.